चिखलफेक करणाऱ्यास प्रवेश नाही

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा सादर नमस्कार. आधी प्रकृती, मग हकीकत, हा क्रम मी भाषणातसुद्धा मोडत नाही, तेव्हा पत्रात मोडण्याचा प्रश्नच नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही कळवले होते की जिना चढताना तो दुखतो आणि उतरताना दुखत नाही. यावर माझे स्पष्ट मत असे की तुम्ही फक्त उतरत जावे. वहिनींचा खोकला थांबला असेल आणि आवाज पूर्ववत झाला असेल, अशी आशा करतो (ही आशा तुमच्या वतीने करत नाही, माझ्या वतीने करतो). मागच्या दाराशी ठेवलेल्या त्या दोन जाड, काळ्या पायपुसण्यांवर पाय पुसल्याशिवाय त्या अजून कुणाला आत घेत नसतील. मी एकदा एकच पाय पुसून आलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मग दुसरा बाहेर ठेवून जेवायला बसा." आयुष्यात मी जे थोडे पराभव मनापासून मान्य केले त्यांत तो एक आहे.

पत्र लिहिण्याचे कारण शेवटी येईल. आधी एक वाक्य लिहून टाकतो, म्हणजे पुढचे तुम्हाला निवांत वाचता येईल: गाडी गल्लीत आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात इतका हलका झाला की ते पुन्हा लिहावेसे वाटते. गाडी गल्लीत आहे, तुमच्या बहिणीची रोपवाटिका चालू आहे, आणि ग्रंथालयाच्या आवारासाठी मागवलेली रोपे कुंड्यांसकट, न फुटता, पोचती होत आहेत. आता गाडी गल्लीबाहेर का गेली होती ते सांगतो.

गाडी म्हणजे तुम्ही धंदा आवरल्यावर बहिणीला दिलेला तो पांढरा पिकअप. देताना तुम्ही म्हणालात, "इंजिन ठणठणीत आहे, बाकी काही विचारू नकोस." तिने विचारले नाही. घरी आणल्यावर लक्षात आले की जे जे पान्याने सुटते ते ते तुम्ही सोडवून ठेवून घेतले आहे. सीटच्या कव्हराची वहिनींनी बाजाराची पिशवी शिवली. बाजूचा एक आरसा तुमच्या न्हाणीघरात लागला, आणि तुम्ही दाढी करत असताना मागून कोण येते आहे हेही त्यात दिसते म्हणे. यात माझी काहीच तक्रार नाही. चाके राहू दिलीत याबद्दल आम्ही उभयता कृतज्ञ आहोत.

आमची गल्ली तुम्ही पाहिली आहे. तोंडाशी रुंद, पुढे अरुंद आणि शेवटी बंद. शेवटाला आमचे घर आणि घरामागे रोपवाटिका. गाडी आत नेताना सरळ न्यायची आणि बाहेर काढताना रिव्हर्समध्ये काढायची, कारण वळायला जागा नाही (गल्लीतल्या लोकांचीही मते अशीच आहेत, पण तो वेगळा विषय). तुम्ही येऊन गेल्यानंतर मधोमध पाण्याचा पाइप टाकायला खणले गेले. खणलेली माती पाइपवर परत लोटली, पण पाइपला ती मानवली नसावी. तो गळू लागला आणि मातीचा चिखल झाला. हे सगळे नेमके लॉन्ड्रीवाल्या मावशींच्या घरासमोर. मावशी हॉटेलांच्या चादरी धुतात. त्यांच्या अंगणातल्या दोऱ्यांवर त्या अशा ताणून वाळत घातलेल्या असतात की पाहणाऱ्याला आपलेच कपडे मळके वाटू लागतात.

आता ठराव. गेल्या वर्षी गल्लीच्या समितीच्या बैठकीत पाइप कुणामुळे फुटला यावरून दोन सभासद एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोचले. मी उठलो. दादा, सार्वजनिक जीवनातला हा रोग मी तरुणपणापासून पाहतो आहे. मुद्दे संपले की माणूस खाली वाकतो, हाताला लागेल ते उचलतो आणि समोरच्यावर फेकतो. त्याविरुद्ध मी जे बोललो त्याने ते दोघेही गप्प झाले (एकाला नंतर डुलकी लागली, पण ती शांततेमुळे). त्या भारलेल्या वातावरणात मी ठराव मांडला: चिखलफेक करणाऱ्यास या गल्लीत प्रवेश नाही. आमचे चिटणीस प्रत्येक वाक्य 'मुद्दा असा की' ने सुरू करतात आणि म्हणून त्यांना सगळे मुद्देसूद म्हणतात. त्यांनी पेन अडवून विचारले, "मुद्दा असा की, 'लाक्षणिक अर्थाने' असं कंसात घालू का?" मी कडाडलो. मी म्हणालो, ज्या शब्दाला उभे राहायला कंसाची कुबडी लागते तो शब्दच नव्हे. शब्द उच्चारला की त्याचा अर्थ त्यानेच सांभाळायचा. टाळ्या झाल्या. ठराव एकमताने झाला. रंगाऱ्याकडून बोर्ड रंगवून तो गल्लीच्या तोंडाशी लावला. निळ्यावर पांढरी अक्षरे, वळणदार. जाता-येता मी तो वाचत असे.

मग एका सकाळी तुमची बहीण गाडीत कुंड्या भरून निघाली, मावशींच्या घरासमोर चाक त्या चिखलात गेले, तिने जरा जोर दिला आणि गाडी निघाली. गाडीबरोबर चिखलही निघाला. गाडी एका दिशेला गेली आणि तो दुसऱ्या. थोड्या वेळाने मावशी एक चादर खांद्यावर टाकून दारात आल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडले, तोवर त्या "चला" म्हणाल्या आणि मला गल्लीच्या तोंडाशी बोर्डापुढे नेऊन उभे केले.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचले. खणखणीत वाचायची सवय आहे, त्यामुळे आजूबाजूची दारे उघडली.

"कुणी लिहिलंय?"

"रंगाऱ्याने."

"रंगाऱ्याचं नंतर बघू. बोललंय कुणी?"

मी त्यांना समजावले की मावशी, हा शब्द इथे लाक्षणिक अर्थाने आला आहे. त्यांनी मान डोलावली आणि चादर उलगडली. "असं होय. मग यातला कुठला डाग लाक्षणिक आहे तेवढा दाखवा. तेवढा धुवायचा मी सोडते."

दादा, मी सभा गाजवल्या आहेत, दगड उचललेल्या माणसाला तो खाली ठेवायला लावले आहे. पण त्या चादरीपुढे मी फक्त डाग मोजले. समिती बसली. मुद्देसूदांनी मान्य केले की मुद्दा असा की कंस घालू दिला असता तर आज गाडी वाचली असती. पण कंस नव्हता, आणि कंस नको म्हणणारे भाषण सगळ्यांना पाठ होते. निर्णय झाला: गाडी तूर्त गल्लीबाहेर. महिनाअखेरच्या बैठकीत ती चिखल उडवत नाही असे दाखवून दिले तर आत, नाहीतर कायमची बाहेर. चाचणीपुरती आत आणता येईल, तीही मावशींच्या दोऱ्या रिकाम्या असतील तेव्हाच.

घरी आलो तेव्हा तुमची बहीण रोपवाटिकेत एका फुटक्या कुंडीचे तुकडे गोळा करत होती. हातगाडीवरून पहिली खेप न्यायचा प्रयत्न तिने तेवढ्यात करून पाहिला होता. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, "अहो, हातगाडीवर निम्म्या कुंड्या फुटतात. ग्रंथालयवाले फुटक्या घेणार नाहीत. ही ऑर्डर गेली तर माणसं ठेवता येणार नाहीत, आणि माणसं गेली तर एवढ्या रोपांना मी एकटी पाणी घालू शकत नाही. ती वाळलेली बघत बसण्यापेक्षा मी बंद करीन." मग मातीचे हात झटकून म्हणाली, "तुम्ही बोलून हे केलंत. आता न बोलता निस्तरा."

(ही रोपवाटिका तिने जुन्या पत्र्याच्या डब्यांपासून उभी केली आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ते डबे तुमच्याकडचेच होते. तुम्ही ते परत मागितले होते हेही आठवते.)

मी मडफ्लॅप आणायला निघालो. वाटेत या वस्तूविषयी मी खोल विचार केला आणि माझे जे मत बनले ते आजही तसूभर बदललेले नाही. गाडीवरची प्रत्येक गोष्ट मालकासाठी असते. आरसा आपल्याला दिसावे म्हणून, दिवा आपल्याला वाट सापडावी म्हणून, हॉर्न तर निव्वळ आपल्या अहंकारासाठी. चाकामागे लटकणारा तो रबराचा तुकडा तेवढा मालकाच्या काडीच्या उपयोगाचा नाही. तो सर्वस्वी मागून येणाऱ्यासाठी आहे, ज्याचे तोंड आपण कधी पाहणारही नाही. इतिहास वाचताना मला नेहमी वाटत आले आहे की पुढे गेलेल्यांनी किती अंतर कापले याच्या नोंदी फार झाल्या, मागच्यांवर काय उडाले ते कुणी पाहिलेच नाही. हे मी दुकानदाराला सांगितले. त्याने सगळे ऐकून विचारले, "गाडी कुठली?"

त्याने पुष्कळ प्रकार मांडले. पातळ प्लास्टिकचे, टणक रबराचे, वाघाचे तोंड असलेले, दोन मोठे डोळे रंगवलेले (मागून येणाऱ्याकडे डोळे वटारून त्याच्यावर चिखल न उडवणे हा कसला शिष्टाचार, हे मला कळले नाही). मी सगळ्यांत लांब जोडी उचलली. तो म्हणाला, "ही मोठ्या ट्रकची आहे. खालून कापून घ्यावी लागेल." मी म्हणालो, तत्त्व खालून कापून घेत नाहीत. दादा, हे वाक्य चांगले होते. आजही चांगले आहे. फक्त ते मडफ्लॅपविषयी नव्हते.

बसवायला कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याला सगळे जनरल म्हणतात, कारण तो गाडीखाली आडवा पडूनही हुकूम सोडतो. सबंध वस्तीत माझ्याइतका वेळ सलग बोलणारा हा एकच माणूस. तो म्हणाला, "वक्ते, तुम्ही काळजी सोडा. हे मी डोळे मिटून बसवतो." बसवून झाल्यावर मी पाहिले तेव्हा त्याने शब्द पाळला होता याची खात्री पटली. एक उजवीकडे झुकला होता, एक डावीकडे. मध्यम मार्ग कुठे आहे, असे मी विचारल्यावर तो म्हणाला की भोके पाडून झाली आहेत, आता विचार बदला.

चाचणीला आम्ही आत गेलो तेव्हा काय सांगू, चिखलाचा थेंब उडाला नाही. फ्लॅप जमिनीवरून लोळत येत होते. मी विजयी मुद्रेने मावशींकडे पाहिले. मग बाहेर यायला तुमच्या बहिणीने रिव्हर्स टाकला. मागच्या चाकाने फ्लॅपच्या टोकावर पाय दिला, गाडी आणखी मागे सरकली, आणि आपल्याच धोतरावर पाय पडावा तसे झाले. टराट आवाज झाला, बोल्ट उडाले आणि एक फ्लॅप मावशींच्या पायरीपाशी जाऊन पडला. मावशी इस्त्री हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "वक्ते," त्या म्हणाल्या, "तुमचा एक मुद्दा पडला."

दुसरी जोडी प्लास्टिकची घेतली, आखूड आणि हलकी. ही जनरलची निवड. गाडीने मोठ्या रस्त्यावर वेग घेतला आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. हलक्याने सुरू झाल्या आणि वाढत गेल्या. असा प्रतिसाद पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. नकळत मी हात वर करून त्यांना शांत राहायला सांगितले. तुमची बहीण रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, प्लास्टिक चाकावर आपटतंय." घरी येईपर्यंत दोन्ही फ्लॅपच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचे शेवटी असेच होते, हे मी सार्वजनिक जीवनात पाहिले आहे.

तिसरी जोडी रबराची. या वेळी मी आणि जनरल दोघांनी मापे घेतली. त्यावरून आमचे असे भांडण झाले की त्याचे दुसरे गिऱ्हाईक आपली गाडी न दाखवताच निघून गेले. पण शेवटी जमिनीपासून बरोबर वीतभर अंतर ठेवले. निर्दोष काम. एकच गोष्ट आम्हा दोघांच्या लक्षात आली नाही, ती म्हणजे गाडी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी कुंड्या भरल्यावर गाडीचा मागचा हौदा खाली बसला, स्प्रिंगचे पाटे दबले आणि वीतभर अंतर संपले. फ्लॅपची कड जमिनीला टेकून वाकली आणि तिची पळी झाली. चिखल भरून घ्यायचा, पुढच्या खड्ड्यात गाडी उसळली की सपकन सोडायचा. मुद्देसूद पाहणीसाठी पांढरा शर्ट घालून, बोट वर करून मागेच उभे होते. "मुद्दा असा," एवढे आम्हाला ऐकू आले. 'की' मात्र चिखलात गेला.

त्या संध्याकाळी मी फार खचलो होतो. बैठक तोंडावर आली होती. तुमची बहीण रोपांना पाणी घालत होती, नेहमीपेक्षा सावकाश, एकेका रोपाशी थांबून. मी जवळ गेलो तर म्हणाली, "ही चाफ्याची माझ्या हाताने पहिल्यांदाच एवढी जगली." मला बोलायचे होते, पण न बोलण्याचा शब्द दिला होता. उभा राहिलो. मग तिने एकदम पाण्याची नळी खाली टाकली, माझ्याकडे पाहिले आणि तिच्या कपाळावर ती आठी पडली. लहानपणी ही आठी पडली की तुम्ही खिसे तपासायचात, असे ऐकून आहे. "मी उद्या दादाकडे जाऊन येते," ती म्हणाली. मी म्हणालो की उद्या तर दादा-वहिनी गुडघा दाखवायला जाणार, घरी कुणी नसेल. ती म्हणाली, "म्हणूनच."

परत आली ती बसमधून, मांडीवर एक जड पोते घेऊन. पोत्यात काय आहे ते मी विचारले नाही (न बोलण्याची मला एव्हाना सवय लागत होती). तिने आधी गाडीत कुंड्या भरून घेतल्या, हौदा खाली बसू दिला. मग पाण्याची नळी घेऊन ती गाडीखाली शिरली आणि चाकांमागे साचून दगड झालेला चिखल खरवडून काढू लागली. खपल्या पडत गेल्या आणि आतून एक लोखंडी पट्टी निघाली, पट्टीला ओळीने जुनी भोके. तिने पोत्यातून दोन जाडजूड काळे रबराचे तुकडे काढून त्या पट्टीला लावले. दादा, त्यांच्यावरही भोके होती, आणि ती या भोकांवर अशी बरोबर आली की जणू दोन भाऊ पुष्कळ वर्षांनी भेटले. चार बोल्ट, चार वॉशर, काम संपले. भरलेल्या गाडीत खालची कड जमिनीपासून वीतभर वर. जनरल मागे उभा राहून म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो." मीही त्याच क्षणी हेच वाक्य उच्चारणार होतो.

बैठक गल्लीतच भरली, मावशींच्या घरासमोर खुर्च्या टाकून. मावशींची अट अशी की गाडीच्या मागे चादर धरायची, आणि तीही त्यांच्याकडची सगळ्यांत पांढरी. चादर दोन काठ्यांना बांधली. एक काठी जनरलच्या हातात, दुसरी मुद्देसूदांच्या. मुद्देसूद रेनकोट घालून आले होते. तुमच्या बहिणीने गाडी सुरू केली. तिचा चेहरा मला काचेतून दिसत होता आणि तो पाहून मला खुर्चीत बसवेना. गाडी चिखलात शिरली. चाक जागच्या जागी फिरले, तिने जोर दिला, चिखल उसळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि पाठोपाठ रबरावर थपाथप थप्पड बसल्याचा आवाज. गाडी बाहेर पडली आणि थांबली. काठ्या धरलेले दोघेही डोळे मिटून उभे होते.

मावशी चष्मा लावून चादरीजवळ गेल्या. वरपासून खालपर्यंत पाहिले. डाव्या कोपऱ्यात त्या थांबल्या. तिथे एक डाग होता, लहान, तपकिरी. तुमची बहीण गाडीतून उतरली होती, तिने दार धरून ठेवले होते. मावशींनी डाग नखाने खरवडला, वास घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. "हा चहाचा आहे," त्या म्हणाल्या. "हॉटेलचाच. किती धुतला तरी जात नाही मेला. याला मी ओळखते." मग चादर घडी करत, तुमच्या बहिणीकडे पाहून, "घे गं, घे गाडी आत. कुंड्या ताटकळल्यात."

दादा, मावशी तो एक शब्द बोलल्या नसत्या तर त्या डागावर गाडी कायमची बाहेर गेली असती. त्या अंगणात न्याय झाला आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. तुमच्या बहिणीने दाराचा हात सोडला आणि ती तिथेच पायरीवर बसून हसू लागली, मग डोळे पुसू लागली, मग परत हसू लागली. माझ्या छातीवरून कुंड्यांनी भरलेला हौदा उतरल्यासारखे झाले. अशा प्रसंगी दोन आभाराचे शब्द बोलणे हे सभ्य माणसाचे कर्तव्य असते. मी उठलो आणि बोललो. भाषण चांगले झाले. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा. आम्ही सर्व, निदान आमच्यापैकी बहुतेक, आनंदात आहोत.

तुमचा, ज्याला तुम्ही नेहमी "थोडक्यात सांगा" म्हणता तो,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. वहिनींची मागच्या दारातली दोन पायपुसणी सापडत नसतील तर शेजाऱ्यांवर संशय घेऊ नका. ती सुखरूप आहेत आणि रोज चिखल पुसत आहेत. तुमची बहीण म्हणते की ही चोरी नव्हे, ती गाडीचीच होती. देण्याआधी तुम्हीच सोडवून ठेवून घेतली होती आणि त्यावर बोल्टची भोके असताना इतकी वर्षे कुणाला शंका आली नाही हेच आश्चर्य. मीही त्यांच्यावर किती वेळा पाय पुसले असतील, पण भोके कधी पाहिली नाहीत.

ता. क. दुसरा. पुढच्या चाकांचीही एक जोडी असणार. बहिणीचा अंदाज असा की वहिनींच्या धुण्याच्या मशीनखाली, ती थरथरू नये म्हणून, जे घातले आहे ते तेच. घाई नाही. मशीन थरथरत नसेल तेव्हा पाहावे.

ता. क. तिसरा. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये, गॅरेजच्या पाठवावे. आभाराच्या भाषणात ओघात मी मुद्देसूदांना कंसासारखा माणूस म्हणालो, उघडल्यापासून मिटेपर्यंत आत काहीच नाही. जनरलविषयी म्हणालो की याचे ज्ञान हातोडीपाशी सुरू होते आणि हातोडीपाशीच संपते. मुद्देसूद रेनकोटमधूनच म्हणाले, "मुद्दा असा की, ही चिखलफेक झाली." मी म्हणालो, हे लाक्षणिक आहे. मावशी म्हणाल्या, "तेच तर. बोर्ड मुळात यासाठीच होता ना? आम्ही उगीच गाडीला धरलं." ठराव एकमताने झाला. वर गेलेल्या हातांत एक हात मातीने माखलेला होता. त्याला मी ओळखतो. पुढच्या बैठकीपर्यंत मला गल्लीत प्रवेश नाही.

तेव्हापासून मी जनरलच्या माळ्यावर राहतो. (त्याने मनात काही ठेवले नाही. जे काही मनात येते ते तो बोलतोच.) मला इथे एक वाक्य पुरे करता येत नाही. रोज सकाळी मी धुतलेले पांढरे कपडे घालून बोर्डाखाली उभा राहतो. गाडी कुंड्या घेऊन चिखलातून बाहेर येते. तुमची बहीण काच खाली करून जेवणाचा डबा देते, "बोलू नका," म्हणते आणि निघून जाते. गाडी अगदी अंगाला लागून जाते, दादा, आणि माझ्यावर एक थेंब उडत नाही. मी शर्टाकडे पाहतो आणि मला इतके बरे वाटते की काय सांगू.

तेव्हा कारण असे की महिनाअखेरपर्यंत तुमच्याकडे येऊन राहावे म्हणतो. वहिनींना सांगा, मी थोडक्यात बोलेन. दोन्ही पाय पुसूनच आत येईन असा शब्दही दिला असता, पण पुसायचे कशावर, तो प्रश्न आहे.